महादूला हाक

"आई, माईक ओठांपासून लांब नका नेऊ. लांब गेला की पुढच्या बायकांना कळतं," पार्वतीच्या पदराला पिन लावता लावता तिची सून मृणाली म्हणाली.

"कळलं तर कळलं," पार्वती म्हणाली खरी, पण माईक तिने लगेच ओठांशी आणला.

टेमघरच्या लॉनवर कुणालची हळद होती. लॉन नुसतं म्हणायला, गवत सगळं प्लास्टिकचं. त्याच्याखाली कधीकाळी पार्वतीच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं आणि नवी नवरी म्हणून आलेली पार्वती तिथे गुडघाभर चिखलात लावणी करायची. आता त्याच जागेवर तिला मखमलीची खुर्ची मिळत होती, डोक्यावर पंखा होता आणि मागच्या मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीचे फोटो सरकत होते. एवढी बडदास्त तिला त्या जमिनीने कधी दिली नव्हती.

पार्वती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याआधी हळदीला देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना धवले गाऊन बोलावून आणायचं काम धवलारणीचं. टेमघरात पार्वतीच्या आवाजाशिवाय कोणाला हळद लागली नव्हती. रात्रभर गायची आणि सकाळी पुन्हा ताज्या आवाजात दुधवाल्याशी भांडायची.

मग गावाचं शहर झालं. म्हणजे शहर गावात घुसलं आणि गाव गल्लीबोळांत अंग चोरून बसलं. अंगणांच्या इमारती झाल्या, रस्ता रुंद झाला, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले आणि मांडव घालायला कोणाच्या दारात जागा उरली नाही. लग्नं लॉनवर गेली. तिथे डीजेवाला घड्याळ बघत उभा असतो, त्यामुळे रात्रभराचे धवले ऐकायला कोणाला सवड नव्हती. त्यातच पार्वतीचा घसा बसायला लागला. डॉक्टरांनी धुळीला दोष दिला, वयाचं नाव काढलं आणि गाणं कमी करा म्हणून सांगितलं.

सून वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. पण मृणाली चांगली पोरगी होती. लग्नांची सगळी व्यवस्था बघायचा तिचा धंदा होता, आणि सासूचा आवाज जातोय हे घरात सगळ्यांत आधी तिलाच कळलं. तिने पार्वतीला कल्याणच्या एका स्टुडिओत नेलं आणि घसा बरा असलेल्या दिवशी सगळे धवले रेकॉर्ड करून घेतले. तेव्हापासून लॉनवर रेकॉर्डिंग वाजायचं आणि पार्वती माईक धरून ओठ हलवायची. फक्त घरच्या मेलेल्या माणसांची नावं यायची तिथे रेकॉर्डिंगमध्ये जागा मोकळी सोडलेली होती. दर घराची नावं वेगळी. तेवढी पार्वतीने माईक चालू करून स्वतः गायची. तेव्हा आवाज चिरका लागला तर लोकांना वाटायचं, बाईंना भरून आलं.

पहिल्या खेपेला पार्वती सुनेशी भांडली होती. देवाधर्मात असली लबाडी नको म्हणाली होती. पण खोटं कशाला बोला, पुढे तिला ते आवडायला लागलं. घशाला त्रास नाही, जागरण नाही, आणि जेवताना बायका येऊन म्हणायच्या, या वयात काय आवाज आहे बाई. पार्वती मान खाली घालून ते कौतुक घ्यायची. लोक त्याला विनय समजायचे.

हळदीच्या आदल्या आठवड्यात धोंडूबाई तिच्याकडे आली होती. धोंडूबाई म्हणजे कुणालची आजी. दोघी एकाच उन्हाळ्यात टेमघरात सुना म्हणून आल्या आणि जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिल्या. धोंडूबाईचा एकुलता एक मुलगा महादू जवळच्या पूर्णे गावात एका गोदामात मुकादम होता. गेल्या वर्षी दुपारी डबा खायला बसला, तो उठलाच नाही. त्याच्या लग्नात धवले पार्वतीनेच गायले होते, आणि आता त्याच्याच पोराची हळद होती.

धोंडूबाई पायरीवरच बसली. चहा नको म्हणाली.

"पार्वते, महादूला नीट हाक मार," ती म्हणाली. "हळू मारशील तर त्यो येनारा न्हाय. तुला तर ठाव हाय, जेवायला बोलवायचं तरी दहा हाका लागायच्या."

पार्वतीला हसू आलं. लहानपणी महादू कोणाच्या तरी गच्चीवर पतंग उडवत असायचा, धोंडूबाईचा आवाज पुरायचा नाही आणि मग पार्वतीलाच ओट्यावर येऊन हाक घालावी लागायची. तिच्या हाकेला तो यायचा.

"बापाचं नाव झाल्याबिगर मी पोराला हलद लावनार न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "हात तसाच धरीन."

"मी हाय ना," पार्वती म्हणाली. "त्या खांबांच्या पार जाईल अशी मारीन."

आणि चार दिवस तिने खरोखर घसा जपला. थंड पाणी घेतलं नाही, कोणाशी मोठ्याने बोलली नाही, ज्येष्ठमध चघळत राहिली. त्या एका नावासाठी आवाज शिल्लक ठेवायचा होता.

आता समोर चौरंगावर कुणाल बसला होता. साउंडवाला भूपेश लॅपटॉपवर वाकला होता. त्याने अंगठा वर केला आणि लॉनभर पार्वतीचा आवाज पसरला, स्टुडिओतला, घुमारदार. पार्वती ओठ हलवू लागली. पहिल्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. गावदेवीला बोलावणं झालं, शिवेवरच्या देवाला झालं. ती शीव कुठे होती हे आता सांगायचं तर पेट्रोल पंपावर बोट दाखवावं लागलं असतं, पण देव आपला येत असेल.

धोंडूबाईने वाटीत बोटं बुडवली आणि हळदीचा हात नातवाच्या गालाजवळ नेऊन थांबवला. तिने पार्वतीकडे पाहिलं. पार्वतीने मान डोलवली, मोठा श्वास घेतला आणि माईकच्या बटणावर अंगठा ठेवला. आता मोकळी जागा येणार होती.

जागा आलीच नाही. तिचाच आवाज न थांबता पुढे गेला आणि गाऊ लागला, बाळाराम बाबा या, केसरीनाथ आजा या.

ही पूर्ण्याच्या दुसऱ्याच एका घरच्या लग्नातली नावं होती. गेल्या महिन्यात तिचा घसा पार बंद होता म्हणून मृणालीने त्या घरची नावं आधीच रेकॉर्ड करून घेतली होती. भूपेशने तीच फाईल लावली होती.

अंगठा बटणावर होता. दाबायचा आणि महादूला हाक मारायची, बस, एवढंच काम होतं. पण दाबला असता तर एकाच वेळी दोन पार्वती गायल्या असत्या, एक कर्ण्यातून घुमारदार आणि एक खुर्चीतून चिरकी. सगळ्या टेमघरला कळलं असतं की बाई इतके दिवस नुसती तोंड हलवते. पहिल्या रांगेत हात जोडून बसलेल्या बायका तिला दिसल्या. त्यातल्या कितीजणींच्या मुलींच्या हळदीला ती गायली होती.

तिने बटण दाबलं नाही. आणि नुसती गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण ती ओठ हलवत राहिली. बाळाराम बाबा, केसरीनाथ आजा, एकही शब्द न चुकवता. ज्यांचं या घराशी काही नातं नाही अशा परक्या मेलेल्यांना तिने मान डोलवून डोलवून मांडवात बोलावलं आणि महादूला बाहेर ठेवलं.

कोणाच्या लक्षात आलं नाही. पोरं फोनवर होती, पुरुष वडे-मटणाच्या वासाकडे सरकत होते. लक्ष होतं फक्त धोंडूबाईचं. तिचा हात कुणालच्या गालापासून वीतभर अंतरावर तसाच थांबला होता. बोटांवरून हळद ओघळून मनगटापर्यंत आली. तिची नजर पार्वतीच्या तोंडावर नव्हती, गळ्यावर होती.

"अम्मा, लगा दीजिए ना," फोटोवाला म्हणाला. "फोटो आ गया."

धवला संपला. भूपेशने घाईने डीजेला खूण केली आणि ढोलाचा ठेका सुरू झाला. धोंडूबाईने आणखी थोडी वाट पाहिली. मग तिने नातवाच्या गालाला हळद लावली, बाजूला झाली आणि गर्दी नाचत पुढे आली.

मृणालीला चूक कळली तेव्हा तिचा चेहरा पडला. ती भूपेशवर ओरडली, सासूची माफी मागू लागली, रडायलाच आली. भूपेश बिचारा कान धरून उभा राहिला.

"पण काकी, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "कोणाला काय कळलंच नाय."

सगळे तिला तेच सांगून समजावत होते, आणि पार्वतीला त्याचीच लाज वाटत होती. कारण तिनेही तेवढ्यासाठीच ओठ हलवले होते. चूक भूपेशची होती, मृणालीची होती, पण ती फाईलपुरती. पुढचं सगळं तिचं एकटीचं होतं.

निघताना धोंडूबाईने रीतीप्रमाणे धवलारणीची ओटी भरली. साडी दिली, नारळ दिला, तांदूळ घातले, काही कमी ठेवलं नाही. "जेवून जा," एवढंच म्हणाली. वडे-मटण समोर असताना पार्वती उपाशी उठली असं टेमघरात आजवर झालं नव्हतं.

सकाळी उजाडताच ती धोंडूबाईकडे गेली. ओटी तिने तशीच परत नेली होती, पिशवीत नारळ हलत होता. रस्ता रुंद झाला तेव्हा धोंडूबाईचं अर्धं घर गेलं होतं. आतल्या खोलीची निळी भिंत आता रस्त्याला लागून होती आणि देवाचा कोनाडा सगळ्या वाहतुकीसमोर उघडा पडला होता. त्यात कोणीतरी चहाचा कागदी कप ठेवून गेलं होतं.

धोंडूबाई दारात बसली होती, समोर कालची हळदीची वाटी. नातू आत झोपला होता, लग्न संध्याकाळी होतं. रस्त्यात खांबाच्या कामाचं मशीन आत्ताच सुरू झालं होतं.

पार्वती पायरीशी उभी राहिली. घरून निघताना तिने भूपेशचं, फाईलचं, सगळं कसं सांगायचं ते मनात जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"काल तुझ्या गल्याची शीर हालली न्हाय, पार्वते," धोंडूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "महादूच्या लग्नात मी तुझ्या बाजूला बसली व्हती. कशी फुगायची ती, मना ठाव हाय."

पार्वतीने पिशवी खाली ठेवली.

"हाक का न्हाय मारलीस?"

"लाज वाटली."

"कुनाची?"

"लोकांची," पार्वती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला जी लाज वाटली तिच्यापुढे कालची काहीच नव्हती.

धोंडूबाईने तोंड रस्त्याकडे फिरवलं, वाटीत पाणी शिंपडून वाळलेली हळद बोटाने कालवली आणि हाक मारली. तिला गाता येत नव्हतं, सूर तर जन्मात कधी लागला नव्हता. ओट्यावरून पोराला जेवायला बोलवावं तशीच तिने हाक मारली. "महादू, ये रं. तुझ्या पोराची हलद हाय."

मशीनच्या आवाजात ती पायरीपर्यंत जेमतेम पोचली. धोंडूबाईने पुन्हा मारली, पुन्हा मारली. आवाज पुरत नव्हता, तेव्हाही पुरायचा नाही. पार्वतीचा चार दिवस जपलेला घसा सकाळी अगदी मोकळा होता. तिने छातीत श्वास भरला.

धोंडूबाईने हळदीचा तळवा तिच्यासमोर आडवा धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आज मीच मारीन."

पार्वतीने भरलेला श्वास सोडला आणि ती खालच्या पायरीवर बसली. वर धोंडूबाई हाका मारत राहिली. रस्त्यावरून कंटेनर जात होते, शाळेची बस गेली, कामावर निघालेली माणसं क्षणभर बघून पुढे जात होती. प्रत्येक हाकेबरोबर पार्वतीचे ओठ हलत होते. महादू, ये रं. महादू, ये रं. आवाज धोंडूबाईचा होता.