दोन्हीकडे मी

चेन पुन्हा उतरली, आणि उतरली तीही नेमकी पुलपिटाच्या दगडावर; चॅपलातल्या उपदेशाच्या चौथऱ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. पुढचं चाक दगडाच्या माथ्याला लागलं, हेल्वेनने मूठ पिळली, खालून कडकन आवाज आला आणि इंजिन नुसतंच किंचाळलं. मोटारसायकल तिच्यासकट मागे घसरली. इंजिन बंद पडलं. मग त्या शांततेत, अगदी पाठीला लागून, कुणीतरी खर्जात गुणगुणलं.

तिने वळून पाहिलं नाही. मागे काय असतं ते तिला ठाऊक झालं होतं. शेवाळलेला उतार, चार मेंढ्या आणि कुणी नाही.

गाडी तिच्या भावाची, तेगिदची. पाय न टेकता दगडधोंड्यांवरून चढायच्या खेळासाठी त्याने ती स्वतः बनवली होती. एका गाडीचा पुढचा सांगाडा, दुसरीचा मागचा, मध्ये त्याच्या हातचं वेल्डिंग. गेल्या पानगळीत याच दगडावर त्याचं काळीज थांबलं. लोक पोचले तेव्हा तो आडवा होता, गाडी त्याच्या शेजारी आडवी होती आणि मागचं चाक अजून फिरत होतं.

आई दारातच उभी होती. चिखलाने माखलेली लेक पाहून तिने भांडं आदळलं.

"पडलीस ना? त्याला नकोय ते, हेल्वेन. त्याची गाडी तो कुणाला देणार नाही."

"आई, चेन आहे ती. चेनला कुठलं मन?"

"मग रोज त्याच दगडावर कशी पडते? ऐक, शनिवारी स्पर्धेत तू चढ. पण चेन पडली, तर ती गाडी मी खाणीच्या तळ्यात ढकलणार. एकाच दगडाला दोन्ही लेकरं वाहायला मी नाही बसले."

हेल्वेन शेडमध्ये गेली. तळ्याची भीती तिला वाटत नव्हती. भीती होती ती आईच्या 'त्याला नकोय' या शब्दांची. त्याला खरंच मी नको असेन तर?

दुपारी इदवलमामा आला. मामा चॅपलचा उपदेशक. रविवारी तो साध्या बोलण्याने सुरुवात करायचा आणि बोलता बोलता आवाज आपोआप गाण्यात चढायचा. मागच्या बाकावरून तेगिद खर्जाचा एकच सूर धरून ठेवायचा, त्या सुरावर मामाचा शब्द पाखरासारखा उठायचा. बायका डोळे पुसायच्या, म्हाताऱ्यांचे ओठ हलायचे, देव जणू कौलावर येऊन बसायचा. तेगिद गेल्यापासून मामा नुसताच बोलत होता. आवाज चढतच नव्हता.

"काय गं, दगडाने आजपण उपदेश केला वाटतं? माझ्यापेक्षा लांबला का?"

"मामा, हसू नकोस. चेन नवी, ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी स्प्रॉकेट नवी. चाकाचा एक्सल त्याच्याच खुणांवर बसवलाय, केसभर इकडेतिकडे नाही. तरी पडते."

मामा गुडघे कुरकुरवत खाली बसला. मागच्या चाकाच्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना बारीक अक्षरं ठोकलेली होती.

"मला यातलं शष्प कळत नाही. पण ही अक्षरं ओळखीची वाटतात."

"आकड्यांऐवजी सूर ठोकलेत त्याने. डो, रे, मी, फा, सो. तूच शिकवलेस की आम्हाला."

"मग तू चाक कुठे ठेवलंस?"

"दोन्हीकडे मी."

मामा हसला, पण डोळे हसले नाहीत. "इकडेही मी, तिकडेही मी! अशा घरात साखळी टिकायची कशी, पोरी?"

"मामा, प्रवचन नको."

"बरं, नाही देत. एवढंच सांग, चॅपलात आपण सगळे कधी एका सुरात गातो? तसं गायला आपण काय डोंगरापलीकडचे इंग्रज आहोत? तू मी लावलास की तेगिद खाली काय लावायचा?"

हेल्वेनच्या हातातला पाना थांबला.

"डो," ती म्हणाली.

भिंतीवर सरळ लोखंडी पट्टी टांगलेली होती. इतके दिवस तिने ती काढली नव्हती. पट्टी लावून तपासणं म्हणजे भावाच्या हातावर संशय घेणं, असं तिला वाटे. आता तिने ती मागच्या स्प्रॉकेटला टेकवून पुढे धरली. पुढचं स्प्रॉकेट बोटभर बाजूला राहिलं. दोन गाड्यांचे सांगाडे मुळात तिरके जुळले होते. तेगिदला ते माहीत होतं, म्हणून त्याने खुणांचा मेळ बांधून ठेवला होता.

डावीकडे तिने मी तसाच ठेवला. उजवीकडचा नट सैल करून चाक डोवर आणलं. पट्टी पुढच्या स्प्रॉकेटला जाऊन अलगद टेकली. तिने चाक फिरवलं. रोजची टकटक नव्हती. चेन गुणगुणत फिरली, खाली, खर्जात. मामाने टोपी काढली आणि चाक थांबेपर्यंत हातात धरून ठेवली.

शनिवारी धुकं होतं. आई दगडाच्या पायथ्याशी एकटी उभी राहिली, कोटाच्या खिशात मुठी आवळून. हेल्वेन आली, पुढचं चाक उचललं, मूठ पिळली. पंच तिच्या पायांकडे पाहत होता, आई चेनकडे. मागच्या चाकाने दगड चावला, सोडला, पुन्हा चावला, आणि गाडी माथ्यावर आली. पाय टेकला नाही. चेन जागेवर होती.

तिने इंजिन बंद केलं आणि कान दिला.

पाठीशी काहीच नव्हतं. गुणगुण गेली होती. त्याने गाडी दिली, आणि ती देऊन तोही गेला, असं तिला वाटलं. राहवेना, म्हणून तिने हळूच मी लावला. एकटाच सूर, धुक्यात.

खालून डो आला.

तिने वाकून पाहिलं. खाली आई होती. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून, ती हेल्वेनच्या मागे पाहत होती.