डाव्या बाजूचं हँडल

नालवाडीत धनंजयचं गॅरेज होतं, आणि गाडी माणसाच्या मापाची करून देण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या वर्ध्यात कुणी नव्हता. हे त्याचं स्वतःचं मत होतं, पण ते खरंही होतं. मातीतल्या शर्यतीच्या मोटारसायकली त्याच्याकडे यायच्या. तो चालवणाऱ्याला सीटवर बसवायचा, वजनाने गाडी मागून किती दबली ते टेपने मोजायचा, शॉकअप एखादी खाच पुढेमागे करायचा, हँडल खांद्याला जुळवायचा. चालवणारा खूश, धनंजय त्याहून खूश. पण दोन हजार तीन सालच्या माघात त्याच्या सख्ख्या साळ्यानेच त्याचं नाक कापलं.

हा साळा म्हणजे अल्लीपूरचा हरिदास. शंकरपटातला नावाजलेला धुरकरी, म्हणजे बैलांच्या शर्यतीत छकडा हाकणारा. बादल आणि सुलतान ही त्याची जोडी सुटली की पाहणारे श्वास घ्यायचे विसरत. दिवाळीच्या तोंडावर बादलला साप चावला आणि सकाळ होईतो सगळं आटोपलं. तेव्हापासून सुलतान दावणीला नुसता उभा आणि हरिदास ओसरीवर नुसता बसलेला. जोडीला दुसरा बैल पाहू म्हटलं की हा उठून वावराकडे चालू पडायचा. जेवण दोन घासांचं. आई रुख्माबाई काळजीने अर्धी झाली होती, आणि धनंजयची बायको काजल रोज नवऱ्याचं डोकं खायची, माझ्या भावाचं काही तरी करा म्हणून.

म्हणून धनंजयने अक्कल चालवली. वर्ध्याच्या योगेंद्रशेठ बियाणेवाल्याने हौसेने शर्यतीची गाडी घेतली होती, पण शेठ स्वतः बसला की शॉकअप जागीच हात टेकायचे. चालवणारा हवा होता. धनंजयने हरिदासचं नाव सुचवलं. उधळत्या बैलांच्या मागे जो पडला नाही, तो गाडीवरून काय पडणार!

धनंजय गॅरेजात अडकला होता आणि इकडे शेठच्या देखत सरावात तो पडला. एकदा नाही, चारदा, आणि चारही वेळा डाव्या वळणावर.

"रविवारपर्यंत जमलं तर जमलं," शेठने बजावलं. "नाई तर गाडी दुसऱ्याले देतो. मी काऊन थांबू?"

शेठचंही बरोबर होतं. पण गाडीच्या निमित्ताने का होईना, हरिदास ओसरीवरून उठला होता. आता हेही हातचं गेलं तर तो कायमचा बसेल, ही भीती धनंजयला झोपू देईना. रविवारी सकाळीच तो गाडी आणि पान्यांची पेटी घेऊन अल्लीपूरला पोचला. कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन वावर मोकळं झालं होतं. बांधावरच्या निंबाखाली रुख्माबाई भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन बसली.

हरिदासने गाडी काढली, आणि पहिल्याच चकरेत धनंजयने कपाळावर हात मारला.

"अबे, तू सीटवर बसत काऊन नाई?"

"छकड्यावर कोण बसते, भाऊजी?"

खरंच की! धुरकरी उभाच असतो, गुडघे मोडून, पुढे वाकून. आणि या शहाण्याने त्याला सीटवर बसवून सगळी मापं घेतली होती. धनंजयने स्वतःला दोन ठेवणीतल्या शिव्या हासडल्या आणि कामाला लागला. हँडल वर घेतलं, फुटरेस्ट मागे सरकवले, मागचे शॉकअप एक खाच नरम केले. हरिदास पुन्हा निघाला. दोन चकरा अशा झकास मारल्या की धनंजयची छाती फुगली. तिसऱ्या चकरेला डावं वळण आलं आणि धप्!

धनंजय तणतणत धावला. "हात काऊन सोडते बे तू?"

"कोण सोडला हात?" हरिदासने कपडे झटकत विचारलं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"पुन्हा मार चक्कर. हळू मार."

या वेळी धनंजय वळणावरच जाऊन उभा राहिला. वळण आलं तसा हरिदासचा डावा हात मुठीवरून निसटला, खाली गुडघ्यापाशी गेला, आणि बोटं हवेत मिटली.

मागून रुख्माबाई पदर सावरत आली. "जवाई, रागावू नका त्याले. बादल जोडीतला डावा होता. जोडी डावीकडे वळवतानी त्याच्या शेपटीले हात राह्यचा याचा."

हरिदास आपला तळहात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पाहत राहिला. स्प्रिंग कडक झाली तर पाना आहे, पण याला कुठला पाना लावायचा? दुसरा कुणी म्हणाला असता, सवय मोड. धनंजयलाही तेच म्हणावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. चार महिने या माणसाला सगळे तेच तर सांगत होते.

हात वर येत नाही ना, मग हँडल खाली जाईल. पेटीतला लोखंडी पाइप त्याने डाव्या मुठीवर चढवला आणि सगळा भार टाकून ती बाजू चांगली वीतभर खाली वाकवली. क्लचचा दांडा तिथे फिरवून आवळला.

"मोडली का जी गाडी?" रुख्माबाईने विचारलं.

"नाई, मामी. मापाची केली."

हरिदास निघाला. वळण आलं, हात खाली गेला आणि तिथे मूठ होती. पाच चकरा झाल्या, दहा झाल्या. अकराव्या वळणावर धुळीतून पटातली आरोळी उठली. "हाऽऽ बादल!"

गाडी बंद करून तो बराच वेळ डावी मूठ धरून उभा राहिला, आणि मग दिवाळीपासून पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडला. त्याला कुणी अडवलं नाही. रडून झाल्यावर आईने भाकरी पुढे केली. त्याने तीन खाल्ल्या.

धनंजय हवेत होता. "पुढच्या रविवारची शर्यत आपली! शेठले आजच सांगतो."

"शेठले दुसरा गडी पाहाले सांगा, भाऊजी," हरिदास हात धूत म्हणाला. "हँडल सरळ करून द्या त्यायले."

"अन् तू?"

"मंगळवारी बैलबाजार आहे. तुम्ही येजा संग. सुलतानले डावा जोडीदार पाह्यचा आहे."