टोपीखालची चावी

चर्चच्या पायरीवर मॉरिसीने चावी मुलीच्या तळहातावर ठेवली आणि लगेच तिची मूठ मिटून टाकली.

"आजपासून पेटीवरचं आपल्या घराचं कुलूप तू उघडायचंस, नेउस."

नेउसने मूठ उघडली. "ही गोठ्याची चावी आहे, बाबा."

मॉरिसी समोरच्या डोंगराकडे पाहू लागला. डोंगर नेहमीच्याच जागी होता.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"इतकी वर्षं गोठ्याचं दार मी तारेने बांधतेय. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार, गाईंना?"

अँडोराच्या जुन्या सभागृहात एक कपाट आहे. त्याला सात परगण्यांची सात कुलपं. सातही चाव्या आल्याशिवाय ते उघडत नाही. मॉरिसीच्या गावाला ही कल्पना फार आवडली होती, म्हणून त्यांनीही चर्चमधल्या पेटीला चार घरांची चार कुलपं लावली. पेटीत वरच्या कुरणाच्या हद्दीचा कागद होता. शेजारच्या गावाचा त्या कुरणावर डोळा होता, त्यामुळे कागद वर्षातून एकदाच बाहेर निघे आणि मोठ्याने वाचून परत आत जाई.

मॉरिसीची चावी एका हिवाळ्यात बर्फात पडली. बर्फ वितळलं, चावी काही वर आली नाही. तेव्हा त्याने गुपचूप कुलपाची कडी कापून ते नुसतं अडकवून ठेवलं, आणि समारंभाच्या दिवशी हातावर टोपी धरून कुलपात गोठ्याची चावी फिरवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरच्या बोनाव्हेंतुरानेही टोपी धरली. मग इसिद्रेने. एकदा बोनाव्हेंतुराच्या टोपीखालून सार्डिन माशांचा डबा उघडायचं हत्यार खाली पडलं, तेव्हा सगळ्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं.

उघड्या हाताने चावी फिरवणारी एकटी चौथ्या घरची म्हातारी एउलालिया. "हाताला थंडी वाजते का रे, पोरांनो?" असं दरवर्षी विचारायची. तिचं कुलूप खरं होतं, तोवर पेटी बंद होती. तेवढ्या आधारावर मॉरिसीला झोप लागत असे.

"आज सगळ्यांसमोर सांगा," नेउस म्हणाली. "नाहीतर मी पेटीला हात लावणार नाही."

"सांगतो."

आत चर्चमध्ये गाईड पोरगी समारंभाला आलेल्या पाहुण्यांना माहिती देत होती. "आमच्या देशाला राजे दोन, आणि दोघेही परदेशात राहतात. सैन्य नाही. विमानतळ नाही. आणि या गावात चावी टोपीखाली फिरवतात, कागदाचा मान म्हणून. पूर्वापार."

मॉरिसीने खाली पाहिलं. मग खाकरला. "मला काही सांगायचंय."

"सांग की," एउलालिया म्हणाली. दरवर्षी पहिला मान तिचा. "पण आधी माझं उरकू दे. गुडघे बोलायला लागलेत."

ती पेटीपाशी गेली. डोक्याचा रुमाल सोडला, नीट झटकला आणि उजव्या हातावर पसरला.

थंडीचं कुणीच विचारलं नाही.

रुमालाखाली तिचा हात बराच वेळ हलत राहिला. तिचं कुलूप दरवर्षी अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं किंचाळायचं. आज ते आवाज न करता निघालं. गाईड पोरीने खूश होऊन पाहुण्यांना तिकडे बोट दाखवलं. बोनाव्हेंतुराने छताकडे पाहिलं. इसिद्रे आधीच पाहत होता.

"हं, मॉरिसी," एउलालिया वळली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, आणि तिचे कान लाल झाले होते. "काय म्हणत होतास?"

मॉरिसीचे ओठ हलले. मग त्याची नजर तिच्या हातातल्या रुमालावर गेली.

"कुलपांना... तेल घालायला हवं."

"हो बाबा," एउलालिया म्हणाली. "फार कुरकुरतात."

नेउस वडिलांकडे पाहत राहिली. मग म्हातारीकडे. मग पेटीवरच्या उरलेल्या तीन कुलपांकडे, जरा जास्तच वेळ.

शेवटी तिने हात पुढे केला.

"टोपी द्या, बाबा."