बंद बटणाची वायर

थोरलीनं ते काम चहाचं आधण ठेवायच्या आधीच उरकून टाकलं. बाबा अजून अंथरुणात होते. धक्क्यावर जाऊन तिनं बोटीच्या मागं लावलेल्या मोटरचं झाकण काढलं, बंद करायच्या बटणाकडे जाणारी बारीक वायर शोधली, चाकूनं तिच्यावरचं प्लास्टिक नखाएवढं खरवडलं आणि उघडी तार एका बोल्टामागं दाबून बसवली. ती तार मोटरच्या अंगाला टेकून राहील तोवर प्लगला ठिणगी मिळणार नव्हती. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

कारण तसंच घडलं होतं. मागच्या आठवड्यात बाबांना भर पाण्यात चक्कर आली. मोटर चालू, चालवणारा आडवा आणि बोट आपली गोल गोल फिरतेय, हे जाळी टाकणाऱ्यांनी पाहिलं म्हणून निभावलं. एकट्यानं पाण्यात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"त्याला काय कळतंय बोटीतलं?" बाबा म्हणाले. "तो बादलीत पाय घालतानासुद्धा भिंत धरत असेल."

थोरलीनं समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी रडूनही झालं. बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि टाकीत पेट्रोल भरून आले. तेव्हा तिनं हा मार्ग काढला. आयुष्यभर लोकांच्या मोटरी दुरुस्त केलेला माणूस, त्याला दोष सापडायला कितीसा वेळ लागणार? पण तेवढ्यात दुपारचा वारा सुटेल आणि आजचं जाणं टळेल, इतकंच तिच्या मनात होतं.

बाबांनी चहा पिऊन दोरी ओढली. मोटर नुसती खोकली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मग ते रीतसर कामाला लागले. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल आहे ना ते पाहिलं. नळीतला रबरी फुगा दाबला, तो घट्ट झाला, म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लग काढून मोटरच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली.

"ठिणगी नाही," ते म्हणाले, जरा खुशीतच. दोष हाताशी आला होता.

थोरली धक्क्याच्या पायरीवर बसली होती. आता वायर, तिनं मनात म्हटलं. ठिणगी नसेल तर सगळ्यात आधी बटणाची वायर सोडवून बघायची, हे तिनं लहानपणी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

बाबांनी नवा प्लग लावला. मग प्लगची टोपी बदलली. मग कार्बोरेटर उघडून धुतला. ठिणगी नसताना कार्बोरेटर? थोरली पायरीवरून उठून जवळ आली. बाबांनी स्क्रू एका फडक्यावर ओळीनं मांडले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी काय बघत होतो गं?"

"ठिणगी, बाबा."

"हां. ठिणगी."

सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतका वेळ गप्प बसल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगायचं? कार्बोरेटर पुन्हा बसवून झाला, वारा सुटला, तरी बाबा उठेनात. जेवायला हाक मारली तेव्हा हातावरचं तेल पुसत म्हणाले, "संध्याकाळी लंबूला बोलावतो. त्याला दिसेल."

लंबू त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला ते अजून 'पाना कसा धरावा ते कळत नाही' म्हणत. त्याच्यापुढं बाबांनी हात टेकावेत, हे थोरलीला बघवेना. बाबा हात धुवायला गेले तशी ती पळत धक्क्यावर गेली, तार सोडवली, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि काही घडलंच नाही अशा थाटात ताटं वाढायला बसली.

जेवणानंतर बाबांनी सहज दोरी ओढली आणि मोटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. थोरलीला वाटलं, सुटले. पण बाबांनी ती लगेच बंद केली आणि तिच्याकडे पाहत उभे राहिले.

"मी तर काहीच केलं नाही," ते म्हणाले.

"कार्बोरेटर धुतलात ना?"

"कार्बोरेटर धुवून ठिणगी येत नसते."

त्या दिवसापासून बाबा पाण्यात गेले नाहीत. तिला हवं होतं तेच झालं होतं. दोनेक दिवसांनी पैलतीरावर पाव पोचवणारा पाववाला त्याची रुसलेली मोटर घेऊन आला. बाबांनी ती खाली उतरवूच दिली नाही.

"लंबूकडे ने," ते म्हणाले. "माझ्या हातात आता राहिलं नाही काही."

पाववाल्याला ती थट्टाच वाटली. तो हसला, मग थोरलीचा चेहरा बघून गप्प झाला. तो वळला, तेव्हा मात्र तिच्यानं राहवेना.

"बाबा, वायर मी लावली होती. बटणाची. सकाळीच. आणि सोडवलीही मीच."

बाबा बोटीत उतरले, झाकण काढलं, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. ती आरडाओरड्याची वाट बघत होती. तो परवडला असता.

"तार तू लावलीस," ते शेवटी म्हणाले. "पण ती बघायची विसरलो मी. ते काही तू केलं नाहीस."

"मी आधीच सांगायला हवं होतं."

"हवं होतं." त्यांनी झाकण परत बसवलं. मग म्हणाले, "पाववाल्याला थांबव. लांब गेला नसेल."

मोटर त्यांनी उतरवून घेतली, पण थोरलीला शेजारी बसवूनच. आताशा ते प्रत्येक काम मोठ्यानं बोलत करतात: आधी पेट्रोल, मग प्लग, मग ठिणगी. मध्येच कधी बोलणं तुटतं आणि ते तिच्याकडे बघतात. ती पुढचं सांगते. ते मान हलवून कामाला लागतात. राग धरून तर नाहीतच, उलट पाववाल्याला कौतुकानं सांगतात की पोरीचं लक्ष चांगलं आहे.

ते ऐकताना थोरली खाली मान घालून हातातला पाना पुसत राहते.