भिंतीवर उगवलेली पणजी

सकाळपासून फाटकाबाहेर रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाची मान एकाच बाजूला वळलेली. घराची सावलीकडची भिंत बुरशीने काळीकुट्ट झालेली, आणि त्या काळ्यात एक पांढरा चेहरा. दोन डोळे, नाक, आणि पाहुणे जेवायला थांबले की होतं तसं तोंड. सासऱ्यांनी बघताक्षणी ओळखलं. "आई," ते म्हणाले, आणि खालीच बसले.

सुनेने चेहरा पाहिला नाही, भिंत पाहिली. तिथली हवा अशी दमट, की वाळत घातलेला टॉवेल जास्तच ओला व्हायचा. म्हणून हे घर वर्षातून दोनदा बाहेरून धुतलं जायचं, यंदा मात्र ते राहून गेलं होतं. भिंतीपलीकडे तिच्या मुलीची खोली होती. ओल आत उतरली होती आणि पोरीची छाती रात्रभर शिट्टी वाजवत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी ती बुरशी काढा, मग माझ्याकडे या.

पण भिंतीखाली एक महाराज खुर्ची टाकून बसले होते. आले होते प्यायला पाणी मागायला. घटकाभर भिंतीला टेकले, आणि ते बाजूला झाल्यावर तिथे पणजी उगवली. त्यांचं फर्मान असं, की घर बारा वर्षांतून एकदाच धुवायचं, नाहीतर पूर्वज वाहून जातात. झालं, अख्ख्या गल्लीने भिंती धुणं सोडलं. जो तो आपापला म्हातारा उमटायची वाट पाहू लागला. शिंप्याच्या भिंतीवर काहीतरी आलंही. त्याच्या बायकोच्या मते ते मामंजी होते, शेजाऱ्यांच्या मते प्रेशर कुकर. दोघांत तसाही फारसा फरक नव्हता, असं जुनी माणसं म्हणाली.

सुनेने घरात सांगितलं, मी भिंत धुणार.

"थेंब जरी लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," सासरे म्हणाले.

"आणि नातीचं बघायची तयारी आहे तुमची?"

त्यानंतर त्या घरात कुणी जेवलं नाही.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. वासावरून बाटली ओळखायची. महाराज रोज डोळे मिटून पिसांचा कुंचा मंतरलेल्या पाण्यात बुडवत, चेहऱ्यावरून फिरवत, आणि बघता बघता पणजी उजळे. सून जवळ जाऊन उभी राहिली, तर पोहण्याच्या तलावासारखा वास. महाराजांच्या काळ्या कफनीच्या बाहीवर नारिंगी डाग होते. भक्त त्यांना तेजाचे ठिपके म्हणत. तसलंच तेज सुनेच्या गाऊनवरही होतं, मोरी घासताना पडलेलं.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत तिने हात पुढे केला. "महाराज, थोडं पाणी द्या. माझ्या माहेरच्यांनाही बोलवावं म्हणते."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. तिने स्टुलावर चढून रंगाच्या ब्रशाने भिंतीवर काहीतरी काढलं आणि खाली उतरून पदराने वारा घेत बसली. हळूहळू काळ्यातून पांढरी चप्पल उमटली. पट्ट्यासकट. एका आजोबांनी सवयीने हात जोडले.

"ही चप्पल आहे," ती म्हणाली. "मी काढली, आणि मला एकही मंत्र येत नाही. हे मोरीत टाकायचं ब्लीच आहे. बुरशीवर लागलं की बुरशी मरते, रंग जातो, खालची भिंत दिसते. आमची भिंत मुळातच पांढरी आहे."

"अश्रद्धेच्या हातून चप्पलच उमटणार," महाराज म्हणाले.

तिने नळाखालून भरलेली बादली त्यांच्यापुढे ठेवली. "मग श्रद्धेच्या हाताने यातलं पाणी घ्या आणि माणूस उमटवा."

महाराजांना समाधीची वेळ आठवली. समाधी लावायला ते पळतच गेले.

गर्दी पांगली. सासरे तिथेच बसून होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आई आलीच नव्हती?"

"त्या आल्या असत्या, मामंजी, तर भिंतीची ही दशा बघून आधी आपल्या दोघांना फैलावर घेतलं असतं."

ते उठले. पाइप नळाला लावला आणि साबणाचं पाणी, मऊ ब्रश घेऊन स्वतः भिंत घासू लागले. चेहऱ्यापाशी हात थांबला. आतून नात खोकली. हात पुन्हा चालू लागला.

तेव्हा मंडळी, दमट हवेत घर वर्षातून एकदा तरी बाहेरून धुवा. सावलीतली भिंत काळी-हिरवी दिसू लागली, तर तेव्हाच धुवा. कुणी बारा वर्षांचा मुहूर्त सांगितला तर त्याच्या बाह्या तपासा. बुरशी ओलाव्याने येते, पुण्याने नाही. आणि भिंतीवर तोंड दिसलंच, तर हात जोडू नका, आधी ते तोंड धुवा. खरंच कुणी असेल, तर धुतलेल्या तोंडाने बोलेल.