एकशे एकवर थांबलेला पारा

मित्रांनो, मी एक पाऱ्याचा जुना थर्मामीटर. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या या घरात आलो तेव्हा त्यांची बायको हयात होती. त्यांना ताप आला की मला झटकून त्यांच्या काखेत ठेवायची आणि दटावायची, "हलायचं नाही हं!" ती गेल्यावर मी खणात पडलो. सात वर्षं मला कोणी विचारलं नाही. घड्याळजींनाही फारसं कोणी विचारत नव्हतं.

मग त्यांच्या मानेत गाठ आली. तपासण्यांत कर्करोग निघाला. शिरेतून पहिली औषधं घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं. नर्सबाईंचं बोलणं ते मोठ्याने घोकत होते. ऐकायला मी एकटाच.

"लाल औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. गाठीच्या मारतं, तशा केसांच्या, तोंडातल्या, रक्तातल्या चांगल्याही मारतं. लघवी एकदोन दिवस लाल होईल, घाबरायचं नाही. ताप शंभर पॉइंट चार झाला, तर मात्र तडक दवाखान्यात फोन. आपल्या मनाने गोळी घ्यायची नाही."

हळूहळू तोंड आलं. गार दूधसुद्धा झोंबायचं. दुरुस्तीच्या टेबलावर चाकांमध्ये केस पडू लागले. ते चिमट्याने एकेक उचलून बाजूला ठेवत.

बाराव्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरली. मी काखेत गेलो. बाहेर आलो तेव्हा पारा एकशे एकवर होता.

"एवढ्याशा तापाला कुणाला त्रास द्यायचा?" ते पुटपुटले आणि गोळीची पट्टी शोधू लागले. तेवढ्यात फोन वाजला. परगावची पुतणी.

"काका, आवाज असा का येतोय?"

"झोपलो होतो गं."

"ताप बघितलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अठ्ठ्याण्णव."

मित्रांनो, मला दाखवता येतं, बोलता येत नाही. एवढं हतबल मला कधी वाटलं नव्हतं. फोन ठेवून त्यांनी पारा उतरवायला मला उचललं. हात वर गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यभर ते लोकांची घड्याळं बरोबर लावत आले होते. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"खोटं बोललो बाळ. एकशे एक आहे."

"काका, आत्ताच्या आत्ता दवाखान्याला फोन करा! मी निघतेच."

त्यांना न्यायला गाडी आली. घाईत मी उशीपाशीच राहिलो. नऊ दिवस बंद खोलीत मी एकशे एक दाखवत पडून होतो. बघायला कोणी नव्हतं. ते आहेत की नाहीत, मला कळायला मार्ग नव्हता.

दहाव्या दिवशी पुतणीच्या खांद्यावर हात टेकून ते आले. त्या दिवशी त्यांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उरल्याच नव्हत्या. घरीच रात्र काढली असती तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले होते. शिरेतून जंतूंवरचं औषध वेळेत सुरू झालं, म्हणून निभावलं.

पुतणी चार दिवस राहून गेली. गाठ आता निम्मी झाली आहे, लाल औषध अजून तीनदा घ्यायचं आहे. ती रोज फोन करते. ते खरा आकडा सांगतात. मग बोलायला काही उरत नाही, तरी दोघंही फोन ठेवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या माणसाचं असं औषध चालू असेल, तर तो "बरं आहे" म्हणाला म्हणून फोन ठेवू नका. पारा किती आहे, ते वाचून दाखवायला सांगा.