काटे शाबूत असलेला शिंगाळा

दुष्काळानं पालीच्या तलावात डबकंच उरलं होतं. मच्छीमार सोसायटीची जाळी खुंटीला टांगलेली. छबुबाई आणि तिची धाकटी जाऊ सत्यभामा चिखलात हातानंच मासे चाचपत होत्या.

काठावर कॉलेजच्या बाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "मिशीवाल्या शिंगाळ्याच्या कुळात कैक जाती. खाली गोदावरीत कुठली, वर इथं कुठली, ते शोधतोय. जिचा मासा नेईन, तिचं नाव नमुन्याच्या बरणीवर."

ते नाव छबुबाईला हवंच होतं. सत्यभामा घरात आल्यापासून भाकरी गोड तिची, गळा गोड तिचा. सासूच्या ओवीतसुद्धा तीच.

छबुबाईनं हातभर शिंगाळा धरून बाईंपुढं ठेवला.

"मावशी, याच्या परांवरचे काटे कुठंयत?"

काटे तिनं कधी मोडले, तिलाच कळलं नव्हतं. टोचू नयेत म्हणून मासा धरल्याबरोबर मोडायचे, ही हाताची जन्माची सवय.

"काट्यांवरनंच जात ओळखायची होती हो," बाई हळहळल्या.

तेवढ्यात सत्यभामा किंचाळली. तिच्या तळव्यात काटा घुसला होता, पण हातातला शिंगाळा काट्यांसकट शाबूत होता. तोच बरणीत गेला.

घरी छबुबाई सत्यभामाच्या सुजल्या हातावर हळद-चुना थापत होती, जरा दाबूनच.

"हळू की वो, आक्का! लई ठणकतंय."

"इतकी वर्सं झाली, काटे मोडाया कावून शिकली न्हाईस गं?"

"तुमीच मोडून देत व्हता की मला."

छबुबाईचा हात थांबला. मग तिनं हलक्या बोटानं चुना पसरला. तरी नजर जखमेवरनं हलेना. ती आपल्या हातावर असती, तर बरणीवर नावही आपलंच असतं!